रंग उडालेल्या गाडीत जीव अडकलाय

पत्र असं आहे:

«मी 42 वर्षांचा आहे. आयुष्यातली पहिली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणून गेले वर्षभर शोधतोय. मागच्या आठवड्यात 1971 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे मागे टाकता येणाऱ्या कापडी हूडची ब्रिटिश गाडी, पाहून आलो. विकणाऱ्या बाईंच्या वडिलांनी ती नवी घेतली होती, आणि हिरवा रंग मूळचाच आहे असं त्या सांगतात. बॉनेटवर तो खडूसारखा पांढुरका झालाय. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या काठावर घासून आतला प्रायमर दिसतो. सीटची एक शिवण उसवलीय, मागच्या बंपरच्या क्रोमवर ठिपके आलेत, पुढच्या चाकामागे पत्र्यावर दोन फोड आहेत. गाडी सुरू होते, पण पाच वर्षं फारशी फिरलेली नाही. तेवढ्याच पैशांत नव्यानं रंगवलेली, चकचकीत लाल एमजीबीही मिळतेय. मित्र म्हणतो लाल घे, नाहीतर हिरवी घेऊन आधी रंगवून टाक. बायको म्हणते, तू पैसे देऊन गंज आणतोयस. मला मात्र डोळे मिटले की ती हिरवीच दिसते. हे खुळ आहे का? आणि रंग खरंच मूळचा आहे हे ओळखायचं कसं? — हिरव्यात अडकलेला»

नमस्कार,

दाराच्या काठावरचा रंग घासलाय, आणि तो ड्रायव्हरच्याच बाजूला, हे तुम्ही दोषांच्या यादीत लिहिलंय. मला ते वाचताना त्या बाईंच्या वडिलांचं कोपर दिसलं. हूड मागे टाकून, काच उतरवून, हात दारावर टेकवून एखादा माणूस वर्षानुवर्षं गाडी चालवतो तेव्हा रंग नेमका तिथेच जातो. हे कोणी ठरवून केलेलं नाही. तुम्ही ज्यात अडकलात ते हेच असणार, आणि त्याला मी खुळ म्हणणार नाही.

पण तुमच्या बायकोचं म्हणणंही मला खोडून काढायचं नाही, कारण तुमच्या पत्रात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका दमात आल्यात. बॉनेटवरचा पांढुरकेपणा, घासलेला काठ, उसवलेली शिवण, क्रोमवरचे ठिपके, ही झीज. चाकामागचे दोन फोड हा गंज. झिजेवर प्रेम करावं. गंजावर करू नये, तो कितीही जुना आणि कितीही मूळचा असला तरी.

अशा झिजेला गाडीवाले पॅटिना म्हणतात. हा शब्द तांबं आणि काशासारख्या धातूंवर काळानं चढणाऱ्या थरासाठी रुळला. तांब्यावर येणारा हिरवा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला हवापाण्यापासून राखतो. लोखंडाला ही देणगी नाही. त्याचा गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून तर रंग आतून ढकलला जाऊन फोड येतात, आणि म्हणूनच पत्र्याला भोक पडलं तरी हे काम थांबत नाही. रंग पांढुरका होतो त्यामागचं कारण याहून वेगळं. उन्हातली अतिनील किरणं रंगाला बांधून ठेवणारं रेझिन हळूहळू तोडतात, वरचे रंगकण सुटे होतात आणि हाताला खडूसारखी पूड लागते. खालचा थर बऱ्याचदा शाबूत असतो.

आता त्या आकर्षणाबद्दल थोडं, कारण मित्राला ते कळलेलं नाही असं दिसतं.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. उघडी रोडस्टर, बंद छपराची जीटी, सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सुमारे 95 अश्वशक्ती. त्याच घराण्यातली इंजिनं त्या काळच्या साध्या घरगुती सेडान गाड्यांतही होती. म्हणजे ही श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये कापडाखाली उभी राहणारी गाडी कधीच नव्हती. ती कामाला जायची, पावसात उभी राहायची, सुट्टीत सामान लादून फिरायला जायची.

अशा गाडीचा मूळ रंग टिकणं अवघड असतं, ते याच कारणानं. महाग गाड्यांना पहिल्यापासून कोणी ना कोणी जपतं. परवडणारी स्पोर्ट्स कार दहा वर्षांत तिसऱ्या-चौथ्या हातात जाते, आणि प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे तिला रंग मारून घेतो. लाखांनी बनलेल्या गाड्या आज हजारोंनी दिसतात, पण कारखान्यात बसलेला रंग अंगावर असलेली शोधायला निघालात तर दमछाक होते. तुम्ही वर्षभर शोधताय. अशा किती पाहिल्या, आठवून बघा.

या गाडीचे जवळपास सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीची अख्खी बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचा पूर्ण सांगाडासुद्धा मूळ साच्यांतून बनवून विकत आलीय. उद्या तुम्हाला कोरी, डागविरहित एमजीबी हवी झाली तर पैसे आणि धीर असला की ती उभी करता येईल. ते घासलेलं कोपर मात्र कुठल्याही कॅटलॉगात नाही.

मोठ्या गाड्यांच्या जगातही वारं फिरलंय. अमेरिकेत पेबल बीचला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत दशकानुदशकं आरशासारख्या चमकणाऱ्या, नव्यानं घडवलेल्या गाड्यांना सर्वोच्च मान मिळायचा. 2024 मध्ये तो मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 स्पोर्ट्सला मिळाला. एकेकाळी ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. त्यांनी तिला दिलेला काळा रंग आणि पिवळा पट्टा जुना होऊन तसाच तिच्या अंगावर आहे. जतन केलेल्या, नव्यानं न रंगवलेल्या गाडीला तिथे पहिला क्रमांक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या एमजीबीची किंमत यामुळे वाढेल, असं मला सुचवायचं नाही. मित्र विचारेल, «रंग उडालेल्या गाडीत बघण्यासारखं काय?», तेव्हा सांगायला हे उदाहरण हाताशी असू द्या.

मला जे सर्वांत जास्त भावतं ते मात्र स्पर्धेतलं नाही. घासलेल्या रंगाची गाडी लोक चालवतात. नव्या रंगाच्या गाडीचा मालक ती दुकानाबाहेर उभी करताना चारदा वळून बघतो, खडी दिसली की रस्ता बदलतो, ढग आले की घरी परततो. तुमच्या हिरवीला आणखी एक ओरखडा पडला तर तो आधीच्या पन्नासांत मिसळून जाईल. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्या माणसाला ही निर्धास्ती फार मोलाची. गाडी जितकी चालवाल तितकी ती समजत जाते, आणि या गाड्यांना उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त बाधतं.

माझ्याकडे काही वर्षं ट्रायम्फ स्पिटफायर ही अशीच जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. तिच्या दाराच्या कडीखाली रंगात एक बारीक चंद्रकोर उमटलेली होती. आधीच्या मालकाची अंगठी दार उघडताना हजारो वेळा तिथे घासून पडलेली. मीही दार उघडायचो तेव्हा माझं बोट बरोबर तिथेच जायचं. एका हिवाळ्यात बाकीचं काम काढलंच आहे तर रंगही करून घेऊ, असं मी ठरवलं. काम चांगलं झालं, रंगाऱ्याला मी दोष देणार नाही. पण गाडी घरी आली, मी दार उघडायला हात पुढे केला, आणि बोटाला गुळगुळीत पत्रा लागला. पुढची दोन वर्षं ती गाडी माझी वाटली नाही. शेवटी मी ती विकली. तुम्हाला «घेऊन लगेच रंगवा» हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही, याचं कारण ती चंद्रकोर.

आता रंग मूळचा आहे का, हे बघू.

जाड कापड नको, साधा पांढरा सुती फडका घ्या. बाईंची परवानगी घेऊन बॉनेटच्या एखाद्या कोपऱ्यात किंचित सौम्य पॉलिश लावून हलकेच घासा. फडक्यावर हिरवं उतरलं तर वर पारदर्शक लॅकरचा थर नाही, म्हणजे रंग जुन्या पद्धतीचा, एकाच जातीच्या थरांचा आहे. यानं तो कारखान्यातलाच आहे हे सिद्ध होत नाही, पण अलीकडच्या काळात लॅकर चढवून केलेलं काम यातून निकालात निघतं. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळवा, ते भाड्यानंही मिळतं. कारखान्यातला रंग साधारण 100 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो आणि सगळीकडे थोड्याफार फरकानं तेवढाच भरतो. एखाद्या पॅनेलवर आकडा एकदम 300 वर गेला तर ते पुन्हा रंगवलंय. हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबकही पुट्टीची जागा सांगतं, ते तिथे धरत नाही.

त्याहून बोलक्या जागा म्हणजे जिथे रंगाऱ्याचा हात पोचत नाही त्या. दाराच्या रबराची कड उचलून खाली बघा. गालिचा उचला, डॅशबोर्डच्या खाली मान घाला, डिकीच्या झाकणाची आतली बाजू टॉर्चनं बघा, नंबरप्लेटच्या मागे बघा. सगळीकडे तोच हिरवा असायला हवा. आत तजेलदार आणि बाहेर पांढुरका असेल तर उत्तमच, कारण आत ऊन पोचलेलं नाही. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. त्यांच्याकडे कारखान्याच्या नोंदी आहेत आणि चॅसिस नंबरवरून ते गाडीचा मूळ रंग आणि बनल्याची तारीख सांगणारं प्रमाणपत्र देतात. ते मागवायला वेळ लागेल, पण मागवा.

हल्ली नकली पॅटिनाही करून मिळतो. पॉलिश पेपरनं रंग घासायचा, पत्र्याला मुद्दाम गंज चढवायचा आणि वरून मॅट लॅकर मारायचं. ते ओळखायला यंत्र लागत नाही, गाडी वापरणारा माणूस डोळ्यांपुढे आणला की पुरतं. झिजेला कारण असतं. टाचा जिथे घासतात तो दाराचा उंबरा झिजतो. सीटची बाहेरची कड झिजते, कारण माणूस तिच्यावरून घसरत आत बसतो. क्लचच्या पॅडलचं रबर झिजतं. आकाशाकडे तोंड असलेले पत्रे फिके पडतात, दाराचा खालचा भाग तितका पडत नाही. जिथे कुणाचा हात, पाय, ऊन, पाऊस काहीच पोचत नाही तिथे रंग उडालेला दिसला तर विचारा, का? तुमच्या वर्णनात मला असं खटकणारं काही सापडलं नाही. घासलेलं दार आणि उसवलेली सीट एकमेकांशी जुळतात.

लाल गाडीबद्दल मी थोडक्यातच लिहितो. ती वाईट असेलच असं नाही. पण नवा रंग तुम्हाला काही सांगत नाही. काम चालू असतानाचे, पत्रा उघडा पडलेला असतानाचे, वेल्डिंगचे फोटो विकणाऱ्यानं दाखवले तर पुढे बोला. नसतील तर त्या लालीखाली काय आहे हे तुम्ही विकत घेतल्यावर कळेल. हिरवीचे दोष निदान उघड्यावर आहेत.

एक जागा सोडून. ती जागा म्हणजे सिल, दोन्ही दारांखालून जाणारी पत्र्याची पेटी. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आणि छप्पर नसल्यामुळे रोडस्टरचा सगळा भार या दोन पेट्यांवर येतो. त्या आतून सडतात. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल चाकामागे विंगच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या आत साठतो, ओला राहतो, आणि तुम्ही पाहिलेले ते दोन फोड बहुधा तिथूनच आलेत. ते एकटे असतील तर विंगच्या खालच्या भागाचं काम, पण सिलपर्यंत पोचलेत का हे बघावंच लागेल. कधीकधी सडलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता मढवलेला असतो. वरून सुबक आणि आत भुसा. म्हणून खाली वाकून बघा. सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं दिसतात का? पत्र्यांचे जोड स्वच्छ आहेत की जाड काळ्या लेपाखाली दडवलेत? मग गाडी जॅकिंग पॉइंटवर, म्हणजे जॅक लावायच्या ठरलेल्या जागी उचला आणि दाराच्या मागच्या काठाची फट बघत राहा. गाडी उचलली जाताना ती फट बदलत गेली किंवा दार उघडताना अडकलं, तर त्या सिलमध्ये जीव उरलेला नाही. (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका, स्टँड लावा.) सीटच्या मागे, जमिनीतल्या झाकणाखाली बॅटऱ्यांचे खण आहेत, तेही उघडून बघा. ते ॲसिड आणि रस्त्यावरचं पाणी दोन्ही सोसतात.

सिल गेलेले असतील तर ते बदलायचेच. मूळ आहेत म्हणून सडके सिल ठेवणं मला मान्य नाही. हे काम करणाऱ्याशी आधीच एक सीमारेषा ठरवा, कारण रंग वर चढत जातो. सिलला नवा रंग दिला की तो दाराशी जुळेना, म्हणून दारावर थोडा फवारा, मग विंगवर, आणि महिन्याभरात अख्खी गाडी नवी हिरवी. सांगून ठेवा, की नवा रंग सिलच्या वरच्या कडेला थांबेल आणि छटा जराशी वेगळी दिसली तरी चालेल. जुनी गाडी जपणारे लोक ठिगळ लपवत नाहीत.

इंजिनाचं मला तुलनेनं कमी भय वाटतं. ते साधं आहे, कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला समजतं. पाच वर्षं उभी राहिलेल्या गाडीत रबर आणि द्रव मरतात. ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, पेट्रोलच्या जुन्या नळ्या इथेनॉलमुळे चिरतात. हे सगळं विचार न करता बदला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. «2313» असेल तर तो टायर 2013 सालच्या 23 व्या आठवड्यातला. वरून नक्षी कितीही खोल दिसली तरी इतक्या जुन्या टायरवर कुणालाही बसवू नका. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंग पिनना नियमित ग्रीस लागतं, ते राहिलं असेल तर स्टिअरिंगवर कळतं.

गाडी घरी आली की रंगाला हात लावायची घाई नको. मऊ स्पंजानं, भरपूर पाण्यानं धुवा. पांढुरका थर थोडासा उतरवून मेण लावा. उरलेल्या हिरव्याला खोली येते, आणि मेण उद्या काढून टाकता येतं. उघड्या पत्र्यावर लॅकर मारायला कोणी सांगेल, ऐकू नका. त्याखाली ओल अडकली की ते सोलतं, आणि काढताना मूळ रंगही घेऊन जातं. क्रोमच्या ठिपक्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात भिजवून हलकेच फिरवा. सीटची शिवण पुन्हा घाला, कव्हर बदलू नका; आतला फोम हवा तर नवा भरा. सिलच्या आत, विंगच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचं गंजरोधक मेण, फवारून घ्या, ते दिसत नाही आणि सगळं तेच वाचवतं. प्लॅस्टिकचं आच्छादन नको, त्याखाली पाणी सुटतं. हवा खेळणारं कापड घाला, आणि बंद गॅरेज असेल तर हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. साधारण 60 च्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं.

बायकोला हे सगळं वाचायला द्या. गंजाबद्दल त्यांची शंका योग्य आहे, आणि सिल तपासताना टॉर्च धरायला त्यांच्याहून चांगलं माणूस तुम्हाला मिळणार नाही, कारण त्या अजून गाडीच्या प्रेमात नाहीत.

आणि त्या दिवसाचा क्रम सांभाळा. तुम्हाला त्या बाईंना विचारायचं असेल की हा पोचा कशाचा, ही शिवण कधी उसवली, वडील कुठे कुठे घेऊन जायचे. जरूर विचारा, लिहूनही घ्या, त्यांच्यानंतर हे सांगणारं कोणी नसेल. पण आधी जॅक लावा. त्या बोलू लागल्यावर तुम्हाला सिल दिसणार नाही.